ब्रेलचं कार्ड

पुस्तकबांधणीच्या खळीचा वास आला की नागपूरच्या आमच्या वाचनालयातली ती दुपार आठवते. ग्रंथपाल म्हणून सूचीच्या खणासाठी एकाच कादंबरीची मी दोन कार्डं केली होती, एक छापील प्रतीचं आणि एक ब्रेलचं. ब्रेल आहे असं ऐकून इतवारीतले एक अंध गाणेमास्तर काठी टेकत आले. ती ब्रेल प्रत नुकत्याच बांधून आलेल्या वर्तमानपत्रांच्या जड गठ्ठ्यांखाली सापडली. मास्तरांनी पानावरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. "बाई, हे पान तं कोरंच आहे जी." ठिपके पार दबून गेले होते. मी छापील प्रत उघडली. "वाचून दाखवू का?" "नको जी. मले माह्या बोटानं वाचाचं होतं." ते गेले. ब्रेलचं कार्ड खणात ठेवावं की काढून टाकावं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.