आठ बोटांचे बाजीप्रभू

फौजेतले माजी हवालदार उकंडा खोब्रागडे पहिल्यांदा समोर आले, तेव्हा जलाल पेंटर शिडीवरून पडता पडता वाचला. पुढे तो शपथेवर सांगायचा, की तारेवरचे कावळे एका रांगेत सरकले, पंचायतीसमोर झोपलेलं कुत्रं उठून सावधान झालं आणि वाहता नळ आपोआप थांबला. हवालदारांच्या मिशीचं एक टोक नेरकडे गेलेलं, दुसरं कळंबकडे, आणि मध्ये यवतमाळच्या जागी नाक.

जलाल कळंबचा. तीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवले. अक्षर असं, की न वाचता येणारा माणूसही पाटीसमोर थांबायचा. चित्र मात्र जमायचं नाही. एका चिकन सेंटरच्या पाटीवर त्यानं कोंबडी काढली, तर गिऱ्हाईकं आत येऊन मोर कितीला म्हणून विचारायची. मग फ्लेक्स आले आणि पाट्याही गेल्या. अशात जवळच्या एका गावच्या सरपंच इंदुताईंनी त्याला बोलावलं. सव्वीस जानेवारीच्या आत पंचायतीच्या भिंतीवर पावनखिंड लढवणारे बाजीप्रभू हवे होते. एकदा तरी खरं चित्र काढून दाखवतो, असं जलाल घरी सांगून निघाला. मोर नका काढू म्हणजे झालं, एवढंच त्याची बायको जैनबबी म्हणाली.

हवालदार गावचेच. ते भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले.

"डोळे काहून फाडले याचे?"

जलालनं सांगितलं, की तो राग आहे.

"रागानं माणूस दोन मिनिटं उभा राह्यते, पेंटर. खिंड राखाले पाय लागतात. तुह्या बाजीले तं पायच नाहीत."

खरं होतं. पाय काढता येत नसल्यामुळे जलालनं सगळ्या खिंडीत गुडघाभर गवत उगवून ठेवलं होतं. चोरी पकडली गेल्यावर त्यानं हवालदारांनाच गळ घातली, की तुम्ही उभे राहा, मी बघून काढतो.

दुसऱ्या दिवशी हवालदार हजर. तलवारी म्हणून दोन्ही हातांत पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, दोन काड्या. बाजीप्रभू कॅनव्हासचे बूट घालत नसणार, म्हणून त्यांनी बूटही काढून ठेवले. जलालनं डोळे शांत केले, खांदे भरले, आणि शुक्रवार असल्यामुळे दुपारी नमाजेला कळंबला गेला. तिथे बहिणीनं जेवायला बसवलं. हवालदारांना बसा म्हणायचं तो साफ विसरला. अडीच तासांनी परत आला, तर काड्या तशाच उचललेल्या, हवालदार तसेच उभे, आणि पायाशी ते कुत्रं.

जलाल ओशाळला. बसले का नाही, असं त्यानं विचारलं.

"बस म्हणालाच नाही तू."

शाळेतल्या धड्यातले बाजी तोफेच्या आवाजाची वाट बघत उभे होते ते कसे, हे जलालला तेव्हा कुठे समजलं. तो गवत खरवडायला खाली बसला आणि त्याची नजर हवालदारांच्या डाव्या पायावर गेली. दोन बोटं नव्हती. बर्फात चौकीवर असताना वादळ आलं, बदलीची तुकडी दोन दिवस पोचली नाही, बोटं तिथंच राहिली. हवालदारांनी हे असं सांगितलं, जसं एखादा छत्री एसटीत राहिली म्हणून सांगतो.

जलालनं पाय काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा पाय पायासारखा झाला. डाव्या पायाला बोटं तीन.

गावात बोंब झाली. इंदुताई स्वतः आल्या, बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाल्या, की झेंडा चढायच्या आत दहाची दहा बोटं हवीत, नाहीतर भिंतीला चुना लागेल. हवालदारांनीही जलालला बाजूला घेतलं.

"देऊन टाक दोन बोटं. मले नाही भेटली, बाजीले तरी भेटू दे."

"नाही देणार," जलाल म्हणाला. "कोंबडीचा मोर केला तवा कोणी नाही बोललं. आज जे पाह्यलं तेच काढलं, तं चुना?"

पंचवीस तारखेला सकाळी पंचायतीचा शिपाई बाबूसिंग चुन्याची बादली घेऊन आला. जलाल त्या पायाला पाठ लावून उभा होता, हातात ब्रश. बाबूसिंगनं समजूत घातली, दम दिला, मग कंटाळून बादलीशेजारी बसला. त्यानं तीनदा चहा घेतला. जलालला एकदाही विचारला नाही. दुपार गेली. जलाल भिंतीपासून हलला नाही. हवालदार आले आणि पऱ्हाटीच्या दोन काड्या घेऊन शेजारी उभे राहिले.

दिवस कलताना इंदुताई आल्या. एकदा भिंतीवरच्या पायाकडे, एकदा हवालदारांच्या बुटाकडे त्यांनी पाहिलं.

"बाबूसिंग, बादली ने," त्या म्हणाल्या. "आन् या दोघांले बसा म्हण. नाहीतं उद्यापावतर हटत नाहीत."

सव्वीस जानेवारीला झेंडा चढला. हवालदारांनी भिंतीसमोर उभं राहून असा सलाम ठोकला, की मिशीचं कळंबकडचं टोक थेट वर्ध्याला लागलं. जलालनं चित्राखाली आपलं नाव घातलं, छोट्या अक्षरात.

त्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली. पंचायतीनं खालचा चार फूट गिलावा नवा करून घेतला. बाजीप्रभू आता गुडघ्यापर्यंतच आहेत.