चौकातला शुभेच्छुक

पौडच्या चौकात माझा भाऊ काळा गॉगल लावून, हात जोडून उभा होता. फ्लेक्सवर. वरती आमच्या चुलत्यांचा माणसाहून मोठा फोटो, वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत गावातल्या पोरांच्या मधोमध आमचा हा. नावापुढे कंसात 'लंडन'. एसटीतून उतरले, ते बघितलं आणि भर रस्त्यात माझ्या तोंडातून शिवी गेली. भाजीची पिशवी घेऊन शेजारी उभी असलेली बाई दचकून बाजूला सरकली.

शिवी का जाणार नाही? ज्या चुलत्याला तो हात जोडून शुभेच्छा देत होता, त्याच चुलत्यापासून माझ्या जिवाला धोका आहे, मला परत पाठवू नका, असं सांगून माझ्या भावानं इंग्लंडात आसरा मागितला होता. स्वतःसाठी, बायकोसाठी, लहान मुलीसाठी. तिथल्या साहेबानं मुलाखतीत त्याच्यासमोर याच फ्लेक्सचा फोटो ठेवला. चुलतभावानं फेसबुकवर चढवलेला. हा तूच ना? आणि हे तुझे तेच काका ना? मग? अर्ज नामंजूर झाला.

आता त्या साहेबाला फ्लेक्स म्हणजे काय हे कुणी समजावायचं? आमच्याकडे फ्लेक्सवर फोटो टाकताना कुणी कुणाला विचारत नाही. जितकी डोकी जास्त तितका माणूस मोठा. एकाच बांधावरून कोर्टात भांडणारे सख्खे भाऊ फ्लेक्सवर खांद्याला खांदा लावून हसत असतात. त्यात परदेशातलं एखादं डोकं असलं की काय विचारता! बरं, लंडन म्हणाल तर भावानं ते दोनदा बघितलंय. तो राहतो कुठल्या तरी लहान गावात, एका खोलीत. गॉगलवाला फोटो कॉलेजच्या सहलीतला आहे. पण तिकडच्या माणसानं यातलं काय काय मनावर घ्यावं?

खरं काय ते मला माहीत आहे, कारण मी घरात होते. भावाचं गावातल्याच एका मुलीवर प्रेम बसलं. मुलगी आमच्या जातीची नव्हती. चुलत्याला कळलं त्या संध्याकाळी त्यानं टिकावाच्या दांड्यानं भावाचा हात मोडला आणि अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या पोरीला सून म्हणून उंबऱ्यात आनलीस, तर दोघंबी धरणात दिसशीला." वडिलांनी दवाखान्यात सांगितलं, गाडीवरून पडला. पोलिसांत कोण जातंय? आपलेच दात, आपलेच ओठ. आज त्या दवाखान्याच्या कागदावर गाडीवरून पडला असंच आहे. साहेबानं तोही कागद वाचला.

वडिलांनी मग रस्त्याकडेचा तुकडा बंगलेवाल्यांना विकला आणि पोराला शिकायला लांब धाडला. मुलगी पुण्यात नोकरी करत थांबली. दीड-दोन वर्षांनी तो गुपचूप आला, मुंबईला उतरला, आळंदीला जाऊन लग्न केलं, नोंदणी केली, आणि गावाकडं तोंडही न करता परत गेला. मागाहून तीही गेली. भीती होती तर परत का आलास, हा साहेबाचा एक प्रश्न. अरे बाबा, लग्न करायला आला! पंगत घालायला नव्हता आला.

पुढचं तर सांगायचीच सोय नाही. शिक्षण संपलं, नोकरीचा व्हिसा मिळाला, आणि त्या कंपनीचा बाहेरची माणसं ठेवायचा परवानाच गेला. व्हिसा आखूड झाला. दुसरीकडे लावून देतो म्हणणारा एजंट पैसे घेऊन पसार झाला. नवा अर्ज फेटाळला, मुदत टळली, तोवर मुलगी झालेली. आणि मग, सगळे दरवाजे बंद झाल्यावर, कुणीतरी त्याला एका वकीलबाईकडे नेलं आणि पहिल्यांदा त्यानं चुलत्याची गोष्ट सांगितली. साहेब म्हणाला, एवढा जिवाला धोका होता तर इतकी वर्षं गप्प का होतास? काय उत्तर द्यायचं याला? पोट भरत होतं, व्हिसा होता, घरातली घाण चव्हाट्यावर कशाला आणायची म्हणून गप्प होता. आम्ही सगळेच गप्प होतो. वर साहेबाचा सल्ला ऐका: मुळशीत नका राहू, भारत मोठा आहे. अहो, वडील गेले तेव्हाही तो आला नाही. तो काय हौस म्हणून?

तिथल्या कोर्टात अपील करायचं ठरलं. वकीलबाई म्हणाल्या, जुनं सिद्ध होत नाही, पण धोका आजही आहे असं घरातलं काही हाती लागलं तर बघा. भावानं मला फोन केला. माझं बावधनला पोळीभाजी केंद्र आहे. दुपारचे डबे भरत होते. म्हणाला, "ताई, तू एकदा काकांशी बोलून बघ ना." मी म्हटलं, "काय विचारू? काका, अजून मारणार आहात का, असं?" तो म्हणाला, "हो, तेच." मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. पोळी करपली ती वेगळीच.

म्हणून त्या दिवशी पौडला उतरले होते. वाढदिवस कधीच उलटला, तरी तसाच लटकणारा तो फ्लेक्स फाडावा असं फार वाटलं. पण आई दर आठवड्याला बाजाराला येते आणि त्याच्यासमोर थांबते म्हणे. पोरगं तेवढंच दिसतं तिला. गेले तशीच पुढं, गावाकडं.

चुलता ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. येत्या निवडणुकीत त्याला उभं राहायचंय, त्यामुळं हल्ली अंगावर कायम कडक इस्त्री. "आगं ये की! कवा आलीस? आगं ए, च्या टाक, पोरगी आलीया!" चुलती चहा घेऊन आली आणि दाराशी टेकून उभी राहिली. मी मनात म्हटलं, सुंभ जळला असंल, पीळही गेला असंल एखादवेळ. माणूस म्हातारा होतो.

"काका, फ्लेक्सवर त्याचा फोटो टाकलात."

"मग? पुतन्या हाय माजा. लोकं इचारत्यात, साहेब, तुमचं पोरगं लंडनला हाय व्हय? छाती फुगती."

"तो परत येतो म्हणतोय," मी सरळ ठोकून दिलं.

"येऊ दे की! गाडी पाठवतो इमानतळावर. माज्या हातानं हार घालतो."

"बायको-मुलीला घेऊन येईल तो."

चुलत्यानं बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. भाताला पाणी कधी सोडायचं ते सांगावं तसं म्हणाला, "तिला कुणी बोलावलंय? त्यानं एकट्यानं यावं. तिला घिऊन आला तर मागं बोललोय तेच. धरण काय आटलं न्हाई आजून."

फोन पर्समध्ये, पर्स मांडीवर, आणि मी बावळटासारखी ऐकत बसलेली. मग माझं डोकं सणकलं. फोन काढला, कॅमेरा चालू केला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. "काका, मगाशी बोललात ते परत बोला."

त्यानं फोनकडे बघितलं. खांद्यावरच्या उपरण्यानं मिशा पुसल्या, कॉलर सारखी केली, हात जोडले. आणि सभेतल्या आवाजात सुरू झाला, "आमचा पुतण्या आमच्या घराचा अभिमान आहे. तो आणि त्याचा परिवार कधीही यावा. हे घर त्यांचंच आहे." एकही 'हाय' नाही, एकही 'न्हाई' नाही. वर हसला. फ्लेक्सवरची तीच बत्तीशी.

"आला का नीट?" म्हणाला. "मला पाठव, गुरुपवर टाकतो."

मी चुलतीकडे वळले. "काकू, तुम्ही ऐकलंत ना? धरणाचं म्हणाले ते?"

चुलतीनं माझ्या हातातला कप घेतला. "मी न्हाई बाई काय ऐकलं. च्या गोड झालता का?" आणि आत गेली.

मी उठले. रस्त्यावर येऊन आधी तो व्हिडिओ पुसला. हा जर तिकडं पोचला असता तर उरलीसुरली केसही गेली असती. स्टँडवर येऊन भावाला फोन लावला. उचलायला त्याला एक रिंगही लागली नाही.

"बोलले का काही?"

"बोलले."

"काय?"

मी त्याला शब्दन्‌शब्द सांगितलं. धरण काय आटलं न्हाई आजून. पलीकडून नुसती फुसफुस ऐकू आली. मला वाटलं, रडतोय. बायकोला हाक मारल्याचा आवाज आला, मग तिचा काहीतरी प्रश्न, मग पुन्हा हा. आणि हा हसत होता. किती वर्षांनी त्याला असा मोकळा हसताना ऐकलं.

"खरंच असंच म्हणाले, ताई?"

"अरे, हसतोस काय मेल्या?"

"ताई, सगळे मला खोटारडा म्हणून म्हणून... मलाच वाटायला लागलं होतं गं, की मी हे सगळं बनवून सांगतोय."

चुलता अजून आपल्या जिवावर उठलेला आहे, हे ऐकून माझा भाऊ खूश झाला होता. वकीलबाईंना काय पाठवायचं ते त्यानं विचारलंच नाही, आणि पाठवण्यासारखं हाती काहीच नाही, हे मीही सांगितलं नाही.