रविवारची पिवळी बाटली

वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. ते घरी बसले ते बसलेच. राग कंपनीवर होता, पण निघायचा घरातल्या भांड्यांवर. आई डोंबिवलीतल्या एका पोळी-भाजी केंद्रात लागली. सकाळी सहाला आंबिवलीहून निघायची, दिवसभर उभ्याने पोळ्या लाटायची आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्यासाठी परत लाटायची. चाळीतली एक खोली, वर पत्रा, पाणी एक दिवसाआड. संडास चाळीच्या टोकाला. धाकटी बहीण आणि मी ड्रम भरायचो. आई आजारी पडायची, पण झोपायची नाही. झोपली असती तर तिच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरी बाई उभी राहिली असती.

"अंगात काही राहिलं नाही गं," असं ती म्हणायला लागली की आम्हाला कळायचं, या रविवारी बाटली.

आमच्याकडे तिला कुणी सलाईन म्हणतं, कुणी ग्लुकोज, बहुतेक जण नुसतं बाटली. आत नेमकं काय आहे ते कुणी विचारत नाही. स्टेशनकडून चाळीकडे येताना एका गाळ्यात डॉक्टरांचा दवाखाना होता, अजूनही आहे. पुढे टेबल, मग पडदा, पडद्यामागे तीन खाटा. रविवारी तिथे बायका नंबर लावायच्या, कारण सुट्टी रविवारचीच. ताप नाही, उलटी नाही, जुलाब नाही. नुसता थकवा. डॉक्टर नाडी बघायचे, "बीपी लो आहे," म्हणायचे आणि बाटली टांगायचे. साधी बाटली पाण्यासारखी दिसते. तिच्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की ती पिवळी होते. पिवळी म्हणजे ताकदीची, असा सगळ्यांचा पक्का समज. कुणाच्या सुनेने सासूला पिवळी लावली की चाळभर कौतुक. कुणाचा मुलगा म्हातारीला साधीवर भागवतो, त्याचीही चर्चा व्हायचीच.

नळीला एक छोटं चाक असतं, थेंब हळू किंवा जोरात सोडायला. ते डॉक्टरांनी बघायचं असतं. आमच्याकडे ते शेजारच्या खाटेवरची बाई फिरवायची.

"सोड गं जरा जोरात. घरी धुणं पडलंय."

"अगं, थंडी वाजेल."

"वाजू दे. नवऱ्याला जेवायला मी नाही वाढलं तर तो वाजवेल."

आणि तिन्ही खाटा हसायच्या. हातात सुया, वरून जोरात पडणारे थेंब, आणि या हसतायत. लहान होते तेव्हा मलाही हसू यायचं. आता त्या आठवणीने माझं डोकं फिरतं.

मी कल्याणच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आईकडचे, वडिलांकडचे, घाटावरचे, इकडचे, सगळे धरून पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी लाजत सांगत नाही. नंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि ठाण्याला कोपरीत एका लॅबमध्ये लागले. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि त्यांची साखर मोजायची, हे माझं काम.

आणि नोकरी लागल्यावर या ग्रॅज्युएट बाईने पहिलं काय केलं? आईला घेऊन त्या दवाखान्यात गेले आणि बाहेर बसलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डॉक्टर, आईला आता पिवळीच लावायची. दर पंधरा दिवसांनी."

आईची मान केवढी ताठ झाली होती! माझीही झाली होती, खोटं कशाला बोलू.

बाटलीवर स्पष्ट छापलेलं असायचं, डेक्स्ट्रोज पाच टक्के. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. परीक्षेत गणित आलं असतं तर अर्ध्या मिनिटात सोडवलं असतं. शंभर मिलीत पाच ग्रॅम, पाचशेच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम. साखरेचे पाच-सहा चमचे. बस. ताकद ताकद म्हणून जिच्यापुढे चाळ हात जोडत होती ती एवढीच होती. धडधाकट माणसाने दोन पोळ्या खाल्ल्या तरी यापेक्षा जास्त मिळतं. आणि ज्याच्या अंगात आधीच साखर उसळलेली आहे त्याच्या शिरेत हे सरळ ओतणं म्हणजे काय, तेही मी शिकलेली होते. पण ते शिकलेलं सगळं कोपरीच्या लॅबमध्ये ॲप्रनबरोबर खुंटीला टांगून मी घरी यायचे.

त्या वर्षात आई वाळत गेली. तांबेच्या तांबे पाणी प्यायची. चष्म्याचा नंबर वाढला. उजव्या पायाला करंगळीजवळ चप्पल चावली होती, ती जखम तीन आठवडे ओलीच. "हळद लावलीय, भरेल," ती म्हणायची. मी म्हणायचे, दिवसभर उभी असतेस, वय झालं. आणि थकवा वाढला म्हणून बाटली पंधरा दिवसांऐवजी दर रविवारी.

एका रविवारी दुपारी आमची घरमालकीण खोलीत डोकावली. आम्ही तिला मावशी म्हणतो. ती इथली, जुन्या वस्तीची. चाळ उभी आहे तिथे एके काळी त्यांची भातशेती होती. चाळही तिची, रस्त्यावरचे गाळेही तिचे. पाण्याची मोटर बघायला आली होती, ती आमच्या मोरीपाशी थांबली.

"काय गो, तुमचे मोरीन मुंग्या कशा एवढ्या?"

"साखर सांडली असेल, मावशी."

"मोरीन कोन साकर सांडतंय? तुजी आय रातचं हितंच बसते ना, लांब जायला नको म्हनून?"

मी हो म्हटलं.

"आमचे म्हाताऱ्याचे मोरीन अशाच लागलेल्या. मंग त्याचा पाय कापला. आयशीची साकर बघलीस कं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"अगो, तू त रोज गावाची बघतेस!"

चौथीपर्यंतही शाळा न शिकलेल्या बाईने मुंग्या बघून निदान केलं होतं, आणि माझी डिग्री भिंतीवर फ्रेममध्ये होती. साखर मोजायचं मशीन माझ्या पर्समध्येच होतं. पर्स घेतली आणि धावत दवाखान्यात गेले, मावशी माझ्या मागोमाग.

आई मधल्या खाटेवर. डावा हात, पिवळी बाटली, अर्धी संपलेली. मी आधी चाक बंद केलं. बाटली डाव्या हाताला होती म्हणून उजव्या हाताचं बोट टोचलं, कारण ज्या हातात ग्लुकोज जातंय त्या हाताचं रक्त घेतलं तर आकडा खोटा येतो. मशीनवर आकडा आलाच नाही. नुसतं 'हाय' आलं. म्हणजे मशीनला मोजता येते त्याच्याही वर.

"येडी झालीस का?" आई म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "बाटली का बंद केलीस? अर्धी राहिलीय."

डॉक्टर पडदा सारून आत आले. "काय चाललंय?"

"डॉक्टर, आईची साखर तुम्ही कधी बघितलीत?"

"बाटली चालू असताना साखर जास्त दिसणारच. तू लॅबवाली ना? एवढं कळायला पाहिजे."

"दुसऱ्या हाताचं घेतलंय. आणि एवढी दिसते? मशीन थकलं, बघा. मी विचारते, कधी बघितलीत? एकदा तरी?"

"त्यांनी कधी शुगर आहे म्हणून सांगितलं नाही."

"त्यांना माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आल्या असत्या?"

"हे बघ, या बायका स्वतः मागतात. मी नाही लावली तर पलीकडच्याकडे जातात. आणि आईला पिवळी लावा म्हणून तूच सांगून गेलेलीस. इथे उभी राहून."

ते खरं होतं. मी म्हणाले, "हो, सांगितलं. माझी अक्कल गेलेली. पण सुई तुमच्या हातात होती."

आई उठून बसायला बघत होती. "साहेब, लेकराचं मनावर घेऊ नका हो. चार बुकं शिकली, जिभेला हाड नाही." आणि मला म्हणते, "माफी माग आधी."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने हळूच विचारलं, "मग माझी चालू ठेवू की बंद करू गं?"

मी माफी मागितली नाही. डॉक्टरांनीच सुई काढली, आणि मी आणि मावशीने आईला रिक्षात घालून कल्याणच्या एका हॉस्पिटलात नेलं.

तिथे पहिल्यांदा काय लावलं? बाटली! पडल्या पडल्या आईच्या चेहऱ्यावर मला जिंकल्याचा भाव दिसला. "बघ. इथंपण बाटलीच." मी लेबल वाचलं. नुसतं मिठाचं पाणी होतं, शरीर सुकलं होतं म्हणून. शेजारी इन्सुलिन. दुसऱ्या दिवशी साखर खाली उतरली, तेव्हा त्यांनी बाटली बदलली आणि आता त्यात ग्लुकोज होतं. या वेळी मीच तडतडले, "हिला ग्लुकोज कसं देता?"

ड्युटीवरची तरुण डॉक्टर चिडली नाही. म्हणाली, "इन्सुलिन अजून चालू ठेवायचंय. सोबत थोडं ग्लुकोज दिलं नाही तर साखर एकदम घसरेल, तेही जिवावर बेतू शकतं. म्हणून तर दर तासाला बोट टोचतोय ना?"

दर तासाला. त्या गाळ्यात इतक्या वर्षांत एकदाही नाही. ग्लुकोज तेच, शीर तीच. एका जागी थेंब मोजून, एका जागी धुणं पडलंय म्हणून. ग्लुकोजवर माझा राग नाही. लो शुगर होऊन पडलेल्या माणसाला ते शुद्धीवर आणतं, हे मी जाणते. माझा राग न बघता लावणाऱ्यावर आहे. न विचारता लावून घेणाऱ्या आमच्यावरही आहे.

पायाच्या जखमेत पू झाला होता. सर्जन म्हणाले, साखर आटोक्यात राहिली तर पाय वाचेल, करंगळीचं सांगता येत नाही. त्या आठवड्यात मी आईवर खूप ओरडले. थकवा होता तर मला नीट का नाही सांगितलंस, बाटलीचं एवढं काय होतं तुला?

"तिथं पडायला मिळायचं गं," ती म्हणाली. "हाताला सुई असली की कुणी ऊठ म्हणत नाही."

मी वडिलांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. पडायला मिळावं म्हणून बाई शिरेत सुई खुपसून घेते, आणि आम्ही घरातले तिघं तिला बाटलीचे शौक म्हणून हसत होतो. वडिलांना त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

करंगळी गेली. आई घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी पुन्हा दवाखान्यात गेले, मावशीला घेऊन. मी बोलायला सुरुवात केली की बाटली लावण्याआधी दोन प्रश्न विचारायचे, बोट टोचायचं, चाकाला बायकांनी हात लावायचा नाही. डॉक्टर ऐकत होते, म्हणजे घड्याळ बघत होते. "हे सगळं हॉस्पिटलात ठीक आहे," ते म्हणाले.

मावशी तोवर स्टुलावर बसून पान चघळत होती.

"दाक्तर," ती म्हणाली, "हा गाला कोनाचा?"

"तुमचाच, मावशी."

"मंग ऐक. साकर बघल्याशिवाय बाटली लावलीस त गाला खाली कर. आमचे म्हाताऱ्याला पन तूच लावायचास. मी ईसरले नाय."

डॉक्टरांनी घड्याळ बघणं सोडलं. मशीन कोणतं घ्यायचं ते मी कागदावर लिहून दिलं. पहिले चार रविवार मी स्वतः त्या टेबलाशी बसले आणि बायकांची बोटं टोचली. त्यात दोघींची साखर वाढलेली निघाली. त्यांना बाटली मिळाली नाही, म्हणून त्या मला शिव्या देत घरी गेल्या. आता दोघी गोळ्या घेतात आणि अजूनही माझ्याशी धड बोलत नाहीत.

आईची तीन महिन्यांची सरासरी साखर आता सात टक्क्यांच्या आत, म्हणजे आटोक्यात आहे. तिचे दोन्ही पाय तिचे आहेत. त्या दवाखान्यात बोट टोचल्याशिवाय कुणाला ग्लुकोज लागत नाही. हे मी केलं, आणि मावशीने केलं.