पट्ट्याखालची मावशी

"पदर कुठंय?" कामावर येणाऱ्या प्रत्येक बाईला मावशी आधी हेच विचारायची. उत्तराची वाट न बघता पदर ओढून तिच्या कमरेला घट्ट खोचायची आणि मग म्हणायची, "आता सांग, बरी हाय ना?"

नव्वदच्या दशकात डिंगोऱ्याच्या बाजूला एका खडी क्रशरवर मी इंजिन चालवायचो. फोडलेली खडी लांब रबरी पट्ट्यांवरून खाली यायची. पट्ट्यांखाली सांडलेली भुकटी फावड्यानं ओढायचं काम बायकांचं. त्यांत मावशी सगळ्यांत जुनी, पश्चिमेकडच्या डोंगरातली. पट्टे ज्या लोखंडी पुल्यांवर फिरायचे, त्या उघड्याच होत्या. जाळ्या बसवू, असं मालक दर दिवाळीला म्हणायचा.

एकदा मालकाचे एक पाहुणे खांद्यावर उपरणं टाकून पट्ट्याजवळ आले. मावशीनं ते सरळ काढून घेतलं आणि बाभळीला अडकवलं. "पावणं, जाताना घिऊन जा." पाहुणे रागानं तसेच निघून गेले. पुढं त्या उपरण्यात आम्ही भाकरी बांधायचो.

त्या दिवशी वारा उलटा होता. सगळी धूळ बायकांच्या तोंडावर येत होती. महाळुंगे पडवळची एक नवी मुलगी कामाला लागली होती. मावशीनं खोचून दिलेला पदर तिनं सोडवला आणि नाकातोंडावर बांधला. एक टोक लोंबत राहिलं. ती वाकली आणि पुलीनं ते टोक धरलं.

मशीनच्या आवाजात तिची किंकाळी मला ऐकू आली नाही. तिचं डोकं पट्ट्याकडं ओढलं जाताना तेवढं दिसलं. मी इंजिन बंद केलं. पण इंजिनाचं एवढं जड चाक, ते लगेच कुठलं थांबतंय? पट्टा फिरतच होता आणि मुलगी इंचाइंचानं आत चालली होती.

मावशी धावली. हातातलं फावडं तिनं पुली आणि पट्ट्याच्या मध्ये खुपसलं. दांडा गरकन फिरून तिच्या मनगटावर बसला. लोखंड करकरलं, आणि पट्टा अडला.

मी पोचलो तेव्हा मावशी एका हातानं मुलीच्या गळ्याभोवती आवळलेली पदराची गाठ सोडवत होती. "श्वास घे. रडू नको, आधी श्वास घे." मुलीनं घरघरत श्वास घेतला. तेव्हा कुठं माझं लक्ष मावशीच्या दुसऱ्या हाताकडं गेलं. तो भलतीकडंच वळला होता.

"मावशी, तुझा हात..."

"दिसतोय मला. तू तिला धर."

हाड जुळलं, पण वाकडं. मावशी परत कामाला आली नाही. भातझोडणीच्या दिवसांत मी तिच्या वाडीवर गेलो. डाव्या हातानं ती सूप पाखडत होती.

"पोरगी बरी हाय?"

"बरी आहे. माहेरी गेली."

"जाळी बसवली का?"

"बसवली, त्या पुलीला."

"आन् बाकीच्यांना?"

"तशाच उघड्या आहेत," मी म्हणालो. ती सूप घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी इंजिन चालूच केलं नाही. मालक ओरडला, डंपर खोळंबले. बायकाही फावडी टाकून माझ्याशेजारी येऊन बसल्या. शेवटी मंचरहून वेल्डर आला आणि सगळ्या पुल्यांना जाळ्या लागल्या.

ते सांगायला वाडीवर गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "लेकीकडं गेली. आता तिकडंच ऱ्हानार."

"आली कधी, तर सांगा. म्हणावं, सगळ्यांना बसवल्या."

"काय बसवल्या?"

"तिला कळंल."

शेजारणीनं मान हलवली. "बरं, सांगते."

मावशीची पुन्हा गाठ पडली नाही. निरोप पोचला की नाही, तेही कधी कळलं नाही.