सुनंदाच्या नोट्स

सुनंदा गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि फोन सारखा वाजत होता म्हणून पाहिलं, तर ओळीने जोडलेले हात आणि भावपूर्ण श्रद्धांजल्या. गेलं कोण, ते शोधायला मला वर वर सरकवत जावं लागलं. सगळ्यात वर तिचा फोटो होता, कुठल्यातरी स्नेहसंमेलनातला, घोळक्यातून कापून काढलेला, खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. दूध उतू गेलं. मला आधी रडू आलं नाही, राग आला. जिने अख्खी नोकरी त्या एका कॉलेजात काढली, तिचा एकटीचा एक फोटो तुमच्याकडे नसावा… आता महिना उलटून गेलाय. लोक म्हणतात, हळूहळू निवळतं. माझं काही निवळत नाही, ठेवलेल्या ताकासारखं जास्तच आंबत चाललंय, म्हणून लिहायला बसले आहे.

मी मराठी शिकवायची, ती इंग्रजी. स्टाफरूममध्ये आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. ती कोराडीच्या कॉलनीत वाढली, वडील वीजकेंद्रात होते. दोरीवर वाळत घातलेले कपडे राखेने करडे व्हायचे म्हणून आई पोरींना पांढरं कधी घेतच नसे, आणि नोकरी लागल्यावर हिने पहिली घेतली ती पांढरी साडी. बसमध्ये दांड्याला धरून उभ्याने पुस्तक वाचत यायची. बारावीला सगळ्यांना इंग्रजी असतंच, पण आमच्याकडे त्याशिवाय इंग्रजी साहित्याचा ऐच्छिक विषयही होता, तो हिचा जीव की प्राण. घेणाऱ्या मुली मोजक्याच. वर्गात शिरताना मुलींनी गाइडं बाहेर खिडकीत ठेवायची, हा तिचा नियम. कविता ती दोनदा वाचायची, मग पुस्तक मिटायची आणि कुणाकडे तरी बोट करून विचारायची, "तुले काय वाटलं?" मराठीत सांगितलं तरी चालायचं, चुकीचं सांगितलं तरी चालायचं, "गाइडमध्ये असं आहे" म्हटलेलं मात्र अजिबात खपायचं नाही. मी तिला चिडवायची, "अवं, तू इंग्रजी शिकवून राहिली का पोरीयच्या मनात डोकावून राहिली?" ती हसायची. तेव्हा ती खूप हसायची, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचंय, कारण पुढच्या लोकांनी तिला हसताना पाहिलंच नाही.

एका वर्षी त्या वर्गात प्रणाली आली, कुही गावाकडची. बाहेरगावच्या मुली मागे बसतात तशी मागे बसणारी, पायावर सायकलच्या चेनचं काळं लागलेली. त्या वर्षी एक कविता होती, त्यातली म्हातारी रोज संध्याकाळी उजेड जायच्या आत खिडकी लावून घेते, बास, एवढीच. गाइडमध्ये लिहिलेलं, खिडकी म्हणजे आयुष्य आणि ती लावणं म्हणजे मृत्यू. सुनंदाने प्रणालीकडे बोट केलं. पोरगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, तिच्याकडे कोणी येत नसन. अन् कोणी येत नाही हे शेजारच्यायले दिसू नये म्हणून लवकर लावत असन. आमची आत्या तसंच करते." तासानंतर सुनंदा स्टाफरूममध्ये आली. चहावर साय धरली तरी कप उचलेना. मग म्हणाली, "कुंदा, इतकी वर्षं शिकवून राहिली मी ही कविता. मले नाही सुचलं वं हे."

प्रणालीला पुण्याला जायचं होतं, इंग्रजी घेऊन. घरी भांडून भांडून तिने बापाकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की, त्या एका कॉलेजच्या यादीत नाव लागलं तर जायचं, नाहीतर कुहीतच राहायचं. म्हणजे सगळं बारावीच्या मार्कांवर. आणि त्या खिडकीवरचा प्रश्न पेपरात येणार हे तर शेंबडं पोरही सांगत होतं. परीक्षेआधी प्रणाली विचारायला आली, गाइडमधलं लिहू की आपलं? सुनंदा म्हणाली, तुझंच लिही. मी तिथेच वह्या तपासत होते, मला राहवलं नाही. "काहून पोरीले गोत्यात आणतं वं? तपासणाऱ्याच्या हातात छापील उत्तर असते." तर म्हणते कशी, "तपासणारा बी माणूसच आहे ना. वाचन तो." दरवर्षी पेपर तपासायला ती स्वतः बसायची. वेगळं लिहिलेलं उत्तर दिसलं की ती पुन्हा पहिल्यापासून वाचायची, पूर्ण मार्क द्यायची आणि वरच्या मॉडरेटरशी त्यासाठी भांडायची. तिला खरंच वाटायचं की, त्या टेबलांवर बसलेले सगळे असेच वाचतात. आमच्यात इतकी वर्षं राहूनही बाईला हे कळलं नव्हतं.

मार्क कमी आले. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली, ती आम्ही दोघींनी मिळून पाहिली. त्या उत्तरावर वरपासून खालपर्यंत एक लाल रेघ होती आणि कोपऱ्यात भोपळा. एक शब्द लिहिला नव्हता मेल्याने. फेरतपासणीतही काही हललं नाही. पुण्याच्या यादीत नाव थोडक्यात हुकलं. मग एक दिवस प्रणालीचे वडील आले, धोतर-टोपीतले, कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये चप्पल काढून ठेवणारे. ओरडले असते तर बरं झालं असतं. हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर राग नाही माह्यावाला. तुम्ही सांगतलं तसंच लिवलं पोरीनं, तेच सांगाले आलो." आणि गेले. सुनंदा त्या दिवशी तासाला गेली नाही. टेबलावर हात पसरून बसून राहिली.

पुढच्या जूनपासून तिने वर्गात नोट्स द्यायला सुरुवात केली. मुद्द्यांची उत्तरं, छापील उत्तरापेक्षाही नेटकी. प्रत्येक वाक्य दोनदा सांगायची, दुसऱ्यांदा हळू, शेवटी "फुलस्टॉप" म्हणून थांबायची. कॉरिडॉरमधून जाताना मला फक्त पेनांचा आवाज यायचा. "तुले काय वाटलं" संपलं. निकाल वर चढला, तिचा सत्कार झाला, विज्ञानाची पोरंसुद्धा तिच्या नोट्सची झेरॉक्स काढू लागली. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, एका गाढवाने एक रेघ मारली म्हणून तू सगळं सोडून देणार? ती म्हणाली, "पोरीयच्या जिवावर माही हौस नाही करायची मले." तिचं म्हणणं खोटं नव्हतंच, तेच तर वाईट होतं.

रिटायर झाल्यावर ती बेसाला राहायला गेली होती, तिथल्या फ्लॅटवर मी तिला शेवटची भेटले तेव्हा ती फार बारीक झाली होती, किडन्यांनी दगा दिला होता. खोलीत एकही पुस्तक नव्हतं, सगळी वाटून टाकली म्हणाली. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, कोण रिटायर झालं, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं. मध्येच तिने विचारलं, "कुंदा, मी काही शिकवलं काय वं?" मी म्हटलं, असं काय विचारतं, किती पोरं शिकून गेली. ती भिंतीकडे वळली. "खोटं नको बोलू. तुले जमत नाही." मग तिचा डोळा लागला, आणि मी तिचे पाय दाबत बसले…

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य निकालाविषयी बोलले. एक तरुण प्राध्यापक म्हणाले, मॅडम आपल्या नोट्समधून सदैव आपल्यात राहतील. लोकांनी माना डोलावल्या. मला उठून जावंसं वाटलं आणि मी उठून गेले. प्रणालीला कुणी कळवलं नसेल असं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी बसने कुहीला गेले. ती तिथे शिकवणीचे वर्ग घेते एवढं माहीत होतं. दुकानावरच्या खोलीत वर्ग भरलेला, खाली पोरींच्या सायकली. मला दारात बघून ती बाहेर जिन्यावर आली. तिला कळलं होतं. "फोटो पाह्यला मॅडम मी, पण यायची हिंमत नाही झाली," म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्यायच्याच नोट्स देते मी इथं. त्यायच्यानं मार्क पडतात, पोरी इथून सुटतात." "बसा हां, एवढं उत्तर पुरं करते," म्हणून ती आत गेली.

मी पायरीवर बसले. आत तिने वाक्य सांगितलं, मग तेच पुन्हा, हळू. सुनंदा बरोबर तिथेच थांबायची, तोच श्वास, तेच "फुलस्टॉप". डोळे मिटले असते तर मी कॉलेजच्या कॉरिडॉरमधून ऐकते आहे असंच वाटलं असतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बारीकसा आवाज आला, "ताई, पण मले असं वाटते का…" पेनं थांबली. मी नकळत उभी राहिले आणि दाराच्या चौकटीला धरलं. प्रणालीही थांबली होती. त्या पोरीकडे बघत राहिली, तिच्या तोंडावरून मला काही कळेना. मग अगदी मायेने म्हणाली, "वाटते ते मनात ठेव बेटा. पेपरात हे लिही." आणि तिने पुढचं वाक्य सांगितलं, दोनदा.