काळीच्या पोटातली राखाडी

मिदेवाने चाळीस वर्षांत कोंबडीचा घास कधी तोंडात घातला नाही, आणि मरागोलीच्या अख्ख्या डोंगरावर कोंबडी तिच्याइतकी कुणाला कळत नव्हती. तिच्या पिढीच्या बायकांना कोंबडी खायची मनाई होती. का, ते कुणी सांगितलं नाही. खाणाऱ्यांनी तर मुळीच नाही. बाईने पिल्लं वाढवायची, घारीपासून राखायची, पाहुणा आला की पिसं काढून रस्सा करायचा, काळीज-पेटा घरधन्याच्या ताटात वाढायचा, आणि आपण चुलीपाशी बसून पालेभाजीशी वुचिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, गिळायचा. पुरुषांना कोंबडी दिसली की तोंडाला पाणी सुटायचं. मिदेवाला कोंबडी दिसली की त्या कोंबडीचे आईबाप दिसायचे.

शेजारणी अंडी उबवायला, रवणावर ठेवायच्या आधी तिला विचारायला येत.

"कोंबडा कुठला?" मिदेवा विचारायची.

"आयुमाचा. उघड्या मानेचा."

"गळ्याखाली पिसांचा झुबका आहे?"

"आहे की."

"मग अर्धी पिल्लं उघड्या मानेची, अर्धी झाकल्या मानेची. झुबका नसता तर सगळीच उघडी निघाली असती."

आणि तसंच व्हायचं. एखाददुसरं इकडेतिकडे झालं तर ती म्हणायची, "तेवढी अंड्याची मर्जी." अगुफा सुताराला उलट्या पिसांच्या कोंबड्यांचं भारी वेड. मिदेवाने त्याला बजावलं होतं, नवरा-बायको दोघंही उलट्या पिसांची ठेवू नकोस. पण बाईचं ऐकेल तो अगुफा कसला! त्याच्या बारा पिल्लांतली तीन मोठी होऊनही नागडीच राहिली, थंडीत कुडकुडत अंगणात फिरायची. "अगुफा, रंधा बाजूला ठेव आणि स्वेटर विणायला घे," असं बाजारात बायका त्याला वर्षभर ऐकवत होत्या.

ही सगळी विद्या मिदेवा शिकली ती एका रंगापायी.

तिचं माहेर इसुखाचं, जंगलाच्या कडेचं. लग्नाच्या दिवशी आईने तिच्या काखेत एक कोंबडी दिली होती, राखाडी. सकाळी चूल चाळवण्याआधी वरची राख जशी मऊ, निळसर दिसते, अगदी तोच रंग, चोचीपासून शेपटापर्यंत. मरागोलीत असली कोंबडी कुणी पाहिली नव्हती. "आठवण आली की हिच्याकडे बघ," आई म्हणाली होती. ती कोंबडी म्हातारी झाली तेव्हा आईने दुसरी दिली, मग तिसरी. पण सासरच्या अंगणात त्या राखाड्यांना जी पिल्लं झाली ती सगळी काळी, कोळशासारखी. घरचे नर मोठे व्हायच्या आतच पाहुण्यांच्या रश्श्यात जायचे, म्हणून रवणाला कोंबडा नेहमी बाहेरचा, आणि आसपासचे सगळे कोंबडे काळे.

सासू दरवर्षी पिल्लं मोजून म्हणायची, "काय गं इसुखावाली, तुझ्या माहेरचा रंग आमच्या एका पावसात धुऊन गेला!"

मुलगी कावेरे बारा वर्षांची झाली त्या साली उन्हाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. आठ दिवसांत डालगी रिकामी झाली. शेवटची राखाडी गेली, तिच्या पिल्लांपैकी एकच काळी तलंग, अजून अंड्यावर न आलेली, वाचली. त्याच महिन्यात आई गेली. मिदेवा इसुखाला पोहोचली तेव्हा मयताला आलेल्यांच्या जेवणासाठी भावांनी घरातली एकूण एक कोंबडी कापली होती. घरामागे राखाडी पिसं वाऱ्यावर उडत होती. ती आईसाठी रडली आणि त्या पिसांसाठीही रडली, आणि कुठलं रडणं कशासाठी हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी शेजारच्या आयुमाकडे एक गंमत झाली. तिने उघड्या मानेचा कोंबडा आणि उघड्या मानेचीच कोंबडी लावली, दोघांनाही गळ्याखाली झुबका. पिल्लं झाली बारा, त्यातली तीन चक्क झाकल्या मानेची.

"माझी कोंबडी शेण खाऊन आली कुठेतरी," आयुमा म्हणाली.

मिदेवा हसली खरी, पण ती तीन पिल्लं तिच्या डोक्यातून जाईनात. निंदणी करताना, पाणी भरताना तेच. चौथ्या दिवशी घागर डोक्यावर असताना तिला उलगडलं आणि ती वाटेतच उभी राहिली. झाकली मान त्या दोघांतही होती! आत, दबून. एकाच बाजूने आली तर दबूनच राहते. दोन्ही बाजूंनी आली की वर येते. आणि चारातल्या एकाच्या वाट्याला दोन्हीकडून येते.

घरी येऊन ती आपल्या काळ्या तलंगेसमोर बसली. काळी माती उकरत होती. तिचं एकेक पीस काळं होतं, आणि तिची आई राखाडी होती. म्हणजे रंग धुऊन गेलाच नव्हता. इतकी वर्षं सासू जी काळी पिल्लं मोजून हसत होती, त्यातल्या प्रत्येकात तो होता, आणि पाहुणे बोटं चाटत तो खात होते. मिदेवाला वाटलं, हे ज्याने कुणी रचलं त्याला आपण कधी नीट नमस्कारच केला नाही.

आता राखाडी लपलेला कोंबडा हवा. तो काळीच्या पोटीच मिळणार होता, पण तिच्या मुलांतल्या निम्म्यांतच, आणि कुठले निम्मे हे बघून कळत नाही. मिदेवाने काळीचा एक मुलगा पाहुण्यांपासून वाचवायला आयुमाकडे लपवून वाढवला आणि आईलाच लावला. तीन वेळा रवण बसवलं. सगळी काळी. तो रश्श्यात गेला. मग दुसरा वाढवला. यात चार वर्षं गेली. दुसरा आत्ता कुठे बांग देऊ लागला होता, तो लावल्यावर काळीने अंड्यावर येऊन टोपलीत चार अंडी घातली होती, आणि तेवढ्यात कावेरेच्या सोयरिकीची बोलणी आली.

मुलाचा बाप लुगादिरू चार माणसं घेऊन आला. मिदेवाचा नवरा आडागाला अंगणात गेला, समोर जी जाडजूड दिसली ती पायाला धरून घेऊन आला. काळी उलटी लटकत होती.

"ती नाही," मिदेवा म्हणाली.

पाहुण्यांसाठी कुठली कोंबडी कापायची यात तिने उभ्या आयुष्यात तोंड घातलं नव्हतं. आडागालाने काळी तिच्यासमोर धरली.

"का? काळ्या सगळ्या सारख्याच."

"दुसरी कुठलीही घ्या, कावेरेचे बाबा. उघड्या मानेचा मोठा घ्या. दोन घ्या. ती नाही."

"पाहुण्यांसमोर माझी शोभा करतेस?"

लुगादिरू ओट्यावरून ऐकत होता. "अहो थांबा. विहीणबाई, काय आहे त्या कोंबडीत?"

"माझी आई," मिदेवा म्हणाली.

माणसं खो खो हसली. सासूने दारातून कपाळाला हात लावला. पण लुगादिरू हसला नाही, आणि मिदेवाने मग सगळं सांगून टाकलं, राखाडी, आयुमाची पिल्लं, लपलेला रंग, सगळं.

"मग या रवणात राखाडी पिल्लं निघतील म्हणता?"

"दहा उबली तर दोन-तीन निघतील. नाहीतर एकही नाही."

"हे कसलं भाकीत? येईल किंवा येणार नाही, हे तर आमचा बैलही सांगेल!"

"कोंबड्यात ते उतरलंय की नाही मला दिसत नाही. दिसत नाही ते मी दिसतं म्हणू?"

लुगादिरूला हे उत्तर आवडलं असावं. "ठीक. काळी राहू दे. पुढच्या बोलणीला येईन तेव्हा राखाडी पिल्लू दाखवा. नसलं, तर तिचाच रस्सा, आणि तुम्ही आमच्या पंगतीत बसून खायचा."

"बसेन," मिदेवा म्हणाली. आडागालाने उघड्या मानेचा मोठा कोंबडा धरला, आणि दोन दिवस बायकोशी बोलला नाही.

काळीने बारा अंडी दिली आणि खुडूक होऊन ती उबवायला बसली. ते एकवीस दिवस मिदेवाने कसे काढले ते तिलाच ठाऊक. आपण हरलो तर गावासमोर कोंबडी खावी लागेल याची तिला फिकीर नव्हती. काळीचं वय झालं होतं, तिसरा मुलगा वाढवून लावेपर्यंत ती अंडी देईल असं नव्हतं. या बारांत नसेल तर आईच्या अंगणातला रंग जगातून गेला, एवढंच तिला कळत होतं.

बाविसाव्या दिवशी उजाडता उजाडता तिने काळीला दोन्ही हातांनी उचललं. खाली चार पिल्लं होती, अजून ओली. तीन काळी, पोटाशी पिवळसर. चौथं राखेचं.

मिदेवाने ते उचलायला एक हात पुढे केला. काळी हातातून निसटली, फडफडत परत पिल्लांवर जाऊन बसली आणि त्या राखाडी पिल्लालाही तिने पंखाखाली ओढलं, जणू त्यात काही विशेषच नव्हतं. दुपारपर्यंत दहा उबली. तीन राखाडी. मिदेवाने ती पुन्हा पुन्हा मोजली. आईला जाऊन पाच वर्षं झाली होती. या काळ्या देहांतून तो रंग एकदाही कुणाला न दिसता चालत आला होता, आणि त्याचा एक कणही मळला नव्हता.

सासूला आता नीट दिसत नव्हतं. तिने हात पुढे केला. मिदेवाने पिल्लू तळहातावर ठेवलं. म्हातारीने ते डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ बघितलं.

"हीच की गं ती," म्हातारी म्हणाली. "तू काखेत घेऊन आलेलीस ती."

लुगादिरू आला तेव्हा त्याने पिल्लू बघून डोक्यावरची टोपी काढली. कोंबडीच्या पिल्लासमोर टोपी काढणारा माणूस मरागोलीने तोवर पाहिला नव्हता.

कावेरेचं लग्न पुढच्या वर्षी झालं. तोवर राखाडी तलंगा मोठ्या होऊन त्यांची काळी पिल्लंही वाढली होती, अख्खा डोंगर त्यांना बघून जात होता. कावेरेने मनात सगळ्यांत देखणी हेरून ठेवली होती. पण निघायच्या वेळी मिदेवाने तिच्या काखेत दिली एक काळी कोंबडी, आणि दुसऱ्या काखेत एक काळा कोंबडा.

"आई!" कावेरेचे डोळे भरले. "मला काळी?"

"राखाडी नेलीस तर तिथल्या कोंबड्यापासून तुला काळीच पिल्लं होतील, आणि माझ्यासारखी रडत बसशील. ही बहीण-भाऊ आहेत, यांची आई राखाडी. दोघांतही आहे, नक्की आहे. दोघांना सांभाळ."

कावेरे रुसूनच गेली. सात महिने काही निरोप नाही. मग चावाकालीच्या बाजाराच्या दिवशी ती डोंगर चढून आली, पदरात काहीतरी जपून धरलेलं. मिदेवाने तिच्या पदराकडे बघितलंही नाही.

"किती उबली?"

"आठ."

"दोन?"

"दोन." कावेरे हसली आणि तिथेच आईजवळ टेकली. "आई, पहिल्याच महिन्यात थोरल्या जाऊबाईंनी काळी कापायला धरली होती. मी म्हटलं, ती नाही."

"मग?"

"त्या म्हणाल्या, का, काय आहे तिच्यात?"

"आणि तू?"

"मी म्हटलं, माझी आजी."