हार्ड डिस्कवरचं कुंकू

शहाण्णव साली घरच्या छोट्या कॉम्प्युटरमधली जागा संपली, म्हणून दसऱ्याच्या दिवशी मी मुंबईहून बाराशे एमबीची हार्ड डिस्क आणली. बायकोने तिला कुंकू लावलं, मी तिचा नंबर डायरीत लिहिला आणि बसवायला डोंबिवलीतल्या एका दुकानदाराकडे दिली. परत आलेला कॉम्प्युटर आठशे चाळीसच एमबी दाखवत होता. झाकण उघडलं, तर आतल्या डिस्कचा नंबर वेगळा आणि कुंकू नाहीच.

"काका, कुंकू पुसलं जातं," दुकानदार हसला. "आणि एमबी काय मोजताय, भाजी आहे का?"

मी लक्ष्मीपूजनापर्यंत थांबलो. त्या संध्याकाळी दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. सर्वांसमोर मी त्याने बसवलेली डिस्क देवीच्या पाटावर ठेवली. "हिच्यावर हात ठेवून सांगा, मी दिलेली हीच."

त्याचा हात उचलेना. शेवटी गल्ल्यावरच्या त्याच्या वडिलांनीच आतल्या एका मशीनमधून माझी डिस्क काढून आणली. कुंकू जसंच्या तसं होतं.

डिस्क मिळाली, पण माझं समाधान झालं नाही. आसपासच्या अकरा सोसायट्यांच्या फळ्यांवर मी दुकानाच्या नावासकट लिहिलं, 'येथे वस्तू देण्यापूर्वी नंबर टिपून ठेवावा.' पुढे त्याच्या काउंटरवर प्रत्येक गिऱ्हाईक आधी डायरी उघडायचं. मी समोरच्या फुटपाथवरून ते मुद्दाम बघायला जायचो.